जुना हलका लॅपटॉप आणि लिनक्स : एक आढावा

२००७ ते २०१६ या काळात विकले गेलेले, दीड किलोच्या आसपास वजनाचे लॅपटॉप आजही कपाटांत आणि सेकंडहँड बाजारात भरपूर सापडतात. कीबोर्ड शाबूत असतो, स्क्रीन चांगली असते, चार्जर मिळतो. अडते ते सॉफ्टवेअरपाशी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अपडेट थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे त्या काळातले जवळपास कोणतेही यंत्र अधिकृतपणे तिच्या चौकटीत बसत नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकावे, हा सल्ला जुनाच आहे. विंडोज १०च्या निरोपानंतर त्याची गरज मात्र कितीतरी अधिक लोकांना पडली आहे. दरम्यान लिनक्सच्या बाजूनेही काही दारे बंद झाली आणि ३२ बिट प्रोसेसरांचा आधार मोठ्या डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या तयार वितरणांनी) एकामागून एक काढून घेतला. त्यामुळे जुन्या यंत्रावर लिनक्स चालतेच, हे आता सरसकट म्हणता येत नाही. डिस्ट्रो कोणती घ्यावी यावर सर्वाधिक चर्चा होते; प्रत्यक्षात निकाल बहुतेक वेळा त्याआधीच, यंत्र कोणते आहे यावर लागलेला असतो.

पार्श्वभूमी

हलका लॅपटॉप आणि लिनक्स यांची गाठ पडली ती नव्याकोऱ्या यंत्रांवर. ऑक्टोबर २००७मध्ये तैवानच्या आसूस कंपनीने ईई पीसी ७०१ बाजारात आणला. सात इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची फ्लॅश साठवण, एक किलोपेक्षा कमी वजन, आणि आत झँड्रॉस हे डेबियनवर आधारलेले लिनक्स. तेव्हाची विंडोज व्हिस्टा ४ जीबीत मावणे शक्यच नव्हते. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या खैराट या छोट्या गावातील शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती पडले. त्यांत २५६ एमबी रॅम होती आणि फेडोरावर बेतलेले लिनक्स. २००८मध्ये इंटेलचा ॲटम प्रोसेसर आला, एसरने ॲस्पायर वन लिनपस लिनक्ससह विकला, डेलने आपल्या मिनी ९वर उबुंटू दिले आणि उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने अशा छोट्या, स्वस्त लॅपटॉपांसाठी, म्हणजे नेटबुकसाठी, त्याची वेगळी आवृत्ती काढली.

हे पर्व अल्पायुषी ठरले. मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये विंडोज एक्सपीची सर्वसाधारण विक्री थांबवली, पण स्वस्त छोट्या लॅपटॉपांसाठी तिची मुदत २०१०पर्यंत वाढवली. ओळखीची विंडोज मिळू लागताच ग्राहक तिकडे वळला. झँड्रॉस आणि लिनपस यांत नवे सॉफ्टवेअर घालणे सामान्य माणसाला जड जाई, हेही त्यामागचे एक कारण होते. पुढे नेटबुकच ओसरले. मॅकबुक एअर २००८मध्ये आला होता. २०११मध्ये अल्ट्राबुक आणि क्रोमबुक आले. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला, तेव्हा जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकण्याची पहिली मोठी लाट आली. सध्याची लाट दुसरी. दोन्हींत फरक असा की पहिल्या वेळी लिनक्सवाले ३२ बिट यंत्रांनाही हात पसरून घेत होते.

यंत्रांचे तीन गट

पहिला गट नेटबुकचा. ॲटम एन २७० आणि एन २८० हे प्रोसेसर फक्त ३२ बिट आहेत. २०१०च्या एन ४५० पासून ६४ बिट क्षमता आली, पण रॅमची कमाल मर्यादा २ जीबीच राहिली. ॲटमच्या झेड मालिकेसोबत येणारा जीएमए ५०० हा ग्राफिक्सचा भाग तर कायमचा डोकेदुखीचा. तो मूळ पॉवरव्हीआर कुळातला, त्याचा त्रिमिती वेग वापरणारा खुला ड्रायव्हर कधी आलाच नाही, आणि अशा यंत्रावर व्हिडिओ पाहणे हा छळ आहे.

दुसरा गट कार्यालयीन वापराच्या छोट्या लॅपटॉपांचा: लेनोवोचे थिंकपॅड एक्स २०० (२००८), एक्स २२० (२०११), एक्स २३० (२०१२), तसेच डेल आणि एचपी यांच्या त्याच तोडीच्या मालिका. कंपन्या हे लॅपटॉप काही वर्षे वापरून एकगठ्ठा काढून टाकतात आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत स्वस्तात मिळतात. लिनक्ससाठी हा गट सर्वांत सरस आहे, यात फारसे दुमत नाही. एक्स २२०मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, १६ जीबीपर्यंत रॅम बसते, हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी घालायला एक-दोन स्क्रू पुरतात, बॅटरी खटका दाबून सुटते. एक अडचण मात्र थोडी चमत्कारिक: एक्स २२० आणि एक्स २३० यांच्या बायोसमध्ये मान्य वायफाय कार्डांची यादी असते. यादीबाहेरचे नवे कार्ड घातले तर यंत्र चालूच होत नाही.

तिसरा गट पातळ, बंद घडणीच्या यंत्रांचा. यात मॅकबुक एअर येतो आणि २०१३-१४च्या बे ट्रेल ॲटमवरचे स्वस्त लॅपटॉपही येतात. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. स्वस्त लॅपटॉपांत साठवणही तशीच, म्हणजे ईएमएमसी चिप. त्यामुळे २ जीबीचा लॅपटॉप आयुष्यभर २ जीबीचाच राहतो. विकत घेण्याआधी किंवा वेळ घालवण्याआधी यंत्र या तिन्हींपैकी कुठे बसते ते पाहिले, तर पुढची निम्मी निराशा टळते.

बसवण्याची प्रक्रिया

सर्वसाधारण क्रम आता सोपा झाला आहे. जुन्या यंत्रातल्या फायलींचा बॅकअप घ्यायचा. विंडोजवर बिटलॉकर हे डिस्क-कूटबद्धीकरण चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवायची. दुसऱ्या संगणकावर डिस्ट्रोची आयएसओ फाइल उतरवून रूफस, एचर किंवा व्हेंटॉयच्या मदतीने ती पेन ड्राइव्हवर चढवायची. लॅपटॉप चालू करताना एफ २, एफ १२ किंवा कंपनीनुसार दुसरी कळ दाबून बूटचा क्रम बदलायचा. मग लगेच इन्स्टॉलचे बटण न दाबता लाइव्ह रूपात, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच, यंत्र चालवून पाहायचे. वायफाय लागते का, आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, या चार गोष्टी तेव्हाच तपासाव्यात. जे लाइव्ह रूपात चालते ते सहसा इन्स्टॉलनंतरही चालते. पार्टिशन करताना संपूर्ण डिस्क लिनक्सला देणे हा जुन्या छोट्या यंत्रावर शहाणपणाचा मार्ग आहे. ३२ जीबीच्या साठवणीत विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवले की दोघांचाही श्वास कोंडतो.

अपवाद कसे अडवतात हे आसूसच्या ईईबुक एक्स २०५टीए या लॅपटॉपवरून नीट दिसते. एक किलोच्या आत वजन, पंखा नाही, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी. प्रोसेसर ६४ बिट. पण कंपनीने त्यावर ३२ बिट विंडोज दिली आणि त्यासाठी यूईएफआय फर्मवेअरही ३२ बिटच ठेवले. परिणामी ६४ बिट डिस्ट्रोचा नेहमीचा पेन ड्राइव्ह लावला तर बूटच्या यादीत तो दिसतच नाही. वापरणाऱ्याला वाटते की पेन ड्राइव्ह बिघडला. खरे कारण असे की ३२ बिट यूईएफआयला ३२ बिटची बूट फाइल लागते आणि ती पुष्कळ डिस्ट्रोंच्या आयएसओमध्ये नसते. ६४ बिट कर्नल (प्रणालीचा गाभा) ३२ बिट फर्मवेअरवरून सुरू करण्याची सोय लिनक्समध्ये २०१४च्या ३.१५ आवृत्तीपासून आहे. डेबियन आणि फेडोरा तिचा उपयोग करतात. ते जमले की वायफाय उरते. त्याच्या ब्रॉडकॉम चिपला फर्मवेअरसोबत यंत्राची जुळणी सांगणारी एक छोटी मजकूर-फाइल लागते. ती यंत्राच्याच यूईएफआयमध्ये साठवलेली असते आणि तिथून काढून योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते. शिवाय त्याच्या बे ट्रेल प्रोसेसरवर यंत्र मधेच गोठण्याचा दोष बरीच वर्षे होता. प्रोसेसरला खोल झोपेत जाऊ न देणारा एक पर्याय बूटच्या ओळीत घालून लोक त्यावर वेळ मारून नेत, आणि बॅटरी लवकर संपणे ही त्याची किंमत होती. एवढे सगळे करून यंत्र चालते आणि लिहिण्या-वाचण्यासाठी चांगले चालते. पण हे काम करायला ज्याच्याजवळ फावला वेळ आणि चिकाटी नाही, त्याला असा लॅपटॉप सुचवणे योग्य नव्हे.

हलके म्हणजे किती हलके

डिस्ट्रोच्या निवडीबाबत तीन भूमिका स्पष्ट दिसतात.

पहिली भूमिका किमानवाद्यांची. यंत्र जेवढे दुबळे तेवढी प्रणाली सडपातळ हवी, असे ते मानतात. बॅरी कॉलर यांनी २००३मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स संपूर्ण रॅममध्ये उतरून चालते, त्यामुळे हार्ड डिस्क मेलेली असली तरी काम होते. टायनी कोअर तर काही दहा एमबींत मावते. अँटीएक्स ही डेबियनवर आधारलेली डिस्ट्रो पूर्ण डेस्कटॉपऐवजी साधे विंडो मॅनेजर वापरते आणि सुरू झाल्यावर ढोबळमानाने दोनशे-अडीचशे एमबी रॅम घेते. १ जीबीच्या नेटबुकवर हा फरक निर्णायक ठरतो. मात्र या प्रणालींच्या स्वतःच्या रीती आहेत, त्या शिकाव्या लागतात. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती पपी देऊन निश्चिंत होता येत नाही.

दुसरी भूमिका मध्यममार्गी. या मंडळींच्या मते मोठ्या समाजाच्या पाठबळावर चालणारी डिस्ट्रो घ्यावी आणि तिचा हलका डेस्कटॉप निवडावा: डेबियन किंवा लिनक्स मिंट यांवर एक्सएफसीई, किंवा एलएक्सक्यूटी वापरणारे लुबुंटू. डेस्कटॉप बदलून तीन-चारशे एमबी वाचतात, पण ब्राउझरमध्ये दोन-चार टॅब उघडले की तेवढी रॅम सहज खर्ची पडते. त्यापेक्षा पैसे एसएसडीवर घालावेत आणि रॅम ४ किंवा ८ जीबी करावी. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की जुन्या यंत्राचा नूर पालटतो, हे वापरणारे एकमुखाने सांगतात. रॅम वाढवता येत नसेल तिथे झेडरॅमची मदत होते. यात रॅमचाच एक भाग दाबून ठेवलेल्या माहितीसाठी राखला जातो, त्यामुळे डिस्कवर स्वॅप करण्याची वेळ उशिरा येते. २०१४पासून ते लिनक्स कर्नलचा भाग आहे आणि फेडोराने २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून ते आपसूक चालू ठेवले. २०२२च्या ६.१ कर्नलमध्ये आलेली, रॅममधली कोणती पाने काढून टाकावीत हे ठरवण्याची नवी पद्धतही कमी रॅमच्या यंत्रांना मानवते.

तिसरी भूमिका अशी की ज्याचे सगळे काम ब्राउझरमध्येच आहे त्याने क्रोमओएस फ्लेक्स टाकावे. गूगलने २०२०मध्ये नेव्हरवेअर ही कंपनी घेतली आणि २०२२मध्ये तिच्या क्लाउडरेडीचे रूपांतर फ्लेक्समध्ये केले. सांभाळायला काहीच लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. पण ६४ बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम तिलाही लागते, गूगलचे खाते जवळजवळ अटळ होते, आणि कोणत्या मॉडेलला केव्हापर्यंत आधार द्यायचा हे गूगलच ठरवते. ४ जीबीखालच्या यंत्रांसाठी पहिली आणि त्यावरच्यांसाठी दुसरी भूमिका अधिक पटते. तिसरी विशिष्ट गरजेपुरती ठीक.

ब्राउझरचा भार

जुने यंत्र आज मंद भासते ते बहुतांशी वेबमुळे. प्रणाली कितीही हलकी असो, बँकेची किंवा बातम्यांची पाने तीच आणि तेवढीच जड असतात. व्हिडिओचे उदाहरण बोलके आहे. २०११च्या सँडी ब्रिज प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग एच.२६४ या पद्धतीचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकतो. यूट्यूब मात्र आधुनिक ब्राउझरला व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते, कारण त्यात डेटा वाचतो. व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलमध्ये केबी लेकपासून, म्हणजे २०१६मध्ये आली. मग सँडी ब्रिज असलेल्या एक्स २२०वर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंगावू लागतो आणि बॅटरी झरझर उतरते. यूट्यूबकडून एच.२६४च मागवणारे छोटे एक्स्टेन्शन घातले की तोच लॅपटॉप शांतपणे व्हिडिओ दाखवतो. फायरफॉक्सने २०२३च्या ११५व्या आवृत्तीपासून लिनक्सवर इंटेल ग्राफिक्ससाठी ही हार्डवेअरची मदत मुळातूनच चालू ठेवली आहे.

मराठीतले काम

मराठी वापरणाऱ्याच्या दृष्टीने युनिकोडचा प्रश्न जवळपास मिटला आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक सर्व मोठ्या डिस्ट्रोंत मिळतो, रोमन अक्षरांतून मराठी लिहायचे असेल तर आयबस किंवा फसिटिक्स यांतून सोय होते, आणि रेड हॅटने खुला केलेला लोहित किंवा गूगलचा नोटो देवनागरी हे फॉन्ट विनामूल्य आहेत. लिबरऑफिसमध्ये मराठी मजकूर नीट उमटतो. जुन्या २ जीबीच्या यंत्रावरही लेखनाचे काम आरामात होते.

अडते ते आधीच्या काळातल्या साठ्यापाशी. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत आणि कार्यालयांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकची आयएसएम ही सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरली गेली. त्यांच्या जुन्या फॉन्टांत युनिकोड नाही. असा फॉन्ट लिनक्सवर घातला तर जुनी फाइल वाचता येते, पण त्यात टंकलेखन करण्याचे साधन विंडोजवरचेच. मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत. जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावे लागतात. ज्याचे पोट या फायलींवर आहे, त्याच्यासाठी लिनक्स हा एकट्याने पुरेसा पर्याय नाही.

फर्मवेअर आणि सुरक्षा

वायफाय चिपला लागणारे बंद फर्मवेअर डिस्ट्रोत असावे की नसावे, हा तात्त्विक वाद जुना आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अशा फर्मवेअरला थारा देणाऱ्या डिस्ट्रोंची शिफारस करत नाही. डेबियनही बरीच वर्षे ते मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवत असे, आणि नवखा माणूस वायफायशिवाय अडकून पडे. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले. २०२३च्या डेबियन १२पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच हे फर्मवेअर येते. जुन्या लॅपटॉपच्या दृष्टीने हा निर्णय उपकारक ठरला. उलट टोकाला, काही जुनी थिंकपॅड मॉडेले लिबरबूट हे पर्यायी बूट फर्मवेअर स्वीकारू शकतात म्हणूनच तत्त्वनिष्ठ वापरकर्ते ती शोधत असतात.

दुसरा वाद सुरक्षेचा. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांतले दोष उघड झाले. त्यांवरच्या उपायांनी यंत्राचा वेग घटतो, आणि जुन्या प्रोसेसरांवर ही घट अधिक जाणवते. हे उपाय एका शब्दाने बंद करण्याचा पर्याय २०१९च्या ५.२ कर्नलमध्ये आला. वेगासाठी तो वापरावा, असे काहींचे मत. ब्राउझर वापरणाऱ्या यंत्रावर तसे करणे धोक्याचे, असे इतरांचे. ब्राउझर परक्याचा कोड सतत चालवत असतो, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सुरक्षित आहे. गंमत अशी की २०१३पूर्वीचे साधे ॲटम या दोषांपासून मुक्त आहेत, कारण पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवण्याची करामत त्यांत नव्हतीच.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत टोकदार प्रश्न ३२ बिटचा. उबुंटूने ३२ बिट डेस्कटॉप आयएसओ २०१७मध्ये थांबवली, आर्चने त्याच वर्षी, फेडोराने २०१९मध्ये ३२ बिट कर्नल काढले. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिट पीसीसाठी ना कर्नल आहे ना इन्स्टॉलर. डेबियनवर उभ्या असलेल्या कित्येक हलक्या डिस्ट्रोंचा पाया त्यामुळे सरकला. लिनक्स मिंटच्या डेबियन आवृत्तीनेही पाठोपाठ ३२ बिट सोडले. फायरफॉक्सने १४४व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्ससाठी नवी आवृत्ती न काढण्याचे जाहीर केले. काढणाऱ्यांचा युक्तिवाद असा: चाचणी करणारे हात उरले नाहीत, मोठे प्रोग्राम ३२ बिटच्या स्मृतिमर्यादेत तयारच होत नाहीत, आणि ३२ बिट वेळमोजणी २०३८मध्ये संपणार आहे. ठेवू पाहणाऱ्यांचे म्हणणे असे की चालते यंत्र कचऱ्यात घालण्याची सक्ती सॉफ्टवेअरने करू नये, आणि गरीब शाळांत हीच यंत्रे असतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अल्पाइन, व्हॉइड आणि टायनी कोअर अजून ३२ बिटसाठी उपलब्ध आहेत. त्यांवर आधुनिक, सुरक्षित ब्राउझर किती काळ मिळेल, हा खरा पेच आहे.

६४ बिट यंत्रांपुढेही नवी रेषा आखली जात आहे. प्रोसेसरच्या सूचनासंचाचे स्तर आता ठरवले गेले असून रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ दुसरा स्तर मागते, तर २०२५ची १०वी आवृत्ती तिसरा. दुसऱ्या स्तरासाठी एसएसई ४.२ लागते; कोअर २ ड्युओवरच्या थिंकपॅड एक्स २००मध्ये ती नाही. तिसऱ्या स्तरासाठी एव्हीएक्स २ लागते, म्हणजे एक्स २२० आणि एक्स २३० बाहेर. डेबियन, मिंट, उबुंटू यांच्या सर्वसाधारण आवृत्त्या अजून पहिल्या स्तरावर आहेत. ती भूमिका किती वर्षे टिकेल यावर या पिढीच्या लॅपटॉपांचे भवितव्य अवलंबून आहे.

ग्राफिक्समध्ये, स्क्रीनवर खिडक्या दाखवण्याच्या कामी, जुन्या एक्स ११कडून नव्या वेलँडकडे स्थित्यंतर चालू आहे. ग्नोमने २०२५मध्ये एक्स ११चे सत्र मुळातून बंद ठेवले. एक्सएफसीईच्या डिसेंबर २०२४च्या ४.२० आवृत्तीत वेलँडचा आधार अद्याप प्रायोगिक आहे. सँडी ब्रिजपासून पुढच्या इंटेल ग्राफिक्सवर वेलँड बरे चालते. त्याआधीच्या जीएमए पिढ्यांचे काय, याचे समाधानकारक उत्तर अजून नाही. अशा यंत्रांसाठी एक्स ११ टिकवणाऱ्या हलक्या डेस्कटॉपांवरच भिस्त आहे.

शेवटचा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. हलक्या लॅपटॉपचे सारे महत्त्व बॅटरीवर चालण्यात आहे, आणि दहा-बारा वर्षांच्या बॅटऱ्या थकलेल्या असतात. टीएलपीसारखे साधन चार्जिंगची वरची मर्यादा घालून थिंकपॅडच्या बॅटरीचे आयुष्य वाढवू शकते, मेलेल्या सेलमध्ये जीव आणू शकत नाही. मूळ कंपनीची बॅटरी मिळत नाही, बाजारातल्या पर्यायी बॅटऱ्यांचा दर्जा बेभरवशाचा, आणि थिंकपॅड एक्स २३०च्या पिढीचे फर्मवेअर तर ओळख न पटलेली बॅटरी चार्ज करायलाच नकार देते. हा अडसर दूर करणारे बदललेले फर्मवेअर हौशी मंडळींनी तयार केले आहे, पण ते चढवताना चूक झाली तर मदरबोर्डच निकामी होण्याचा धोका असतो.